'हॅव' हे इंग्रजी क्रियापद कसे वापरावे

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याकडून 'हॅव' म्हणजे 'असणे' किंवा 'जवळ असणे' असा अर्थ पाठ करून घेतला जातो आणि अडचण तिथूनच सुरू होते, कारण मालकी सांगणारे वेगळे क्रियापद मराठीत नाही. आपण 'आहे' हेच क्रियापद कायम ठेवतो आणि आधीच्या शब्दाचे रूप बदलून संबंध कोणत्या प्रकारचा आहे ते दाखवतो: 'मला एक भाऊ आहे', 'माझ्याकडे छत्री आहे', 'माझे शाहूपुरीत दुकान आहे', 'आजीला मधुमेह आहे', 'आमच्या वाड्यात विहीर आहे'. या पाचही वाक्यांना इंग्रजीत 'हॅव' चालते. म्हणून वाक्य जुळवताना आधी 'कोणाला, कोणाकडे, कोणाचे, कशात' याचे उत्तर शोधावे, ते कर्ता म्हणून आरंभी ठेवावे आणि मग क्रियापद व वस्तू घ्यावी: 'आय हॅव अ ब्रदर', 'अवर वाडा हॅज अ वेल'.

इथे आणखी एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. 'तिला तीन भाऊ आहेत' या वाक्यात आपले क्रियापद भावांप्रमाणे अनेकवचनी होते, पण इंग्रजीत ते तिच्याप्रमाणे चालते, म्हणून 'शी हॅज थ्री ब्रदर्स' असेच म्हणावे लागते. भूतकाळात सर्वांसाठी 'हॅड' आहे, तेव्हा तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न आणि नकार 'डू', 'डज', 'डिड' यांच्या मदतीने करावेत. कोल्हापुरात केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसमध्ये 'सुट्टे आहेत का?' असे विचारायचे तर 'डू यू हॅव चेंज?' म्हणावे. 'डज' आले की पुढे 'हॅज' येत नाही. 'डज ही हॅव चेंज?' हेच बरोबर.

आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य प्रमाण इंग्रजीत चुकीचे मानले जाते, कारण भाऊ असणे ही स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नव्हे. मात्र 'हॅविंग' हे रूपच वर्ज्य आहे, असा निष्कर्ष काढू नये. खाणेपिणे, आराम करणे, मजा करणे अशा क्रियांसाठी इंग्रजी भाषक 'हॅव' सहज वापरतात आणि तिथे ते रूप चालते: 'दे आर हॅविंग भेळ ॲट रंकाळा', म्हणजे ते रंकाळ्यावर भेळ खात आहेत. त्यामुळे स्थिती की क्रिया, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

पूर्ण वर्तमानकाळात 'हॅव' साहाय्यक क्रियापद होते: 'आय हॅव सीन पन्हाळा', मी पन्हाळा पाहिला आहे. 'काल', 'गेल्या वर्षी' असा संपलेला काळ वाक्यात आला, की 'हॅव' गाळून 'आय सॉ पन्हाळा यस्टरडे' म्हणावे. मराठीत 'मी कालच पाहिला आहे' खटकत नाही, म्हणून ही चूक शिकलेल्यांच्या लेखनातही आढळते.

उरलेले दोन उपयोग चप्पल लाइन या कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातल्या विक्रेत्यांच्या रोजच्या कामाचे आहेत, कारण परप्रांतीय आणि परदेशी गिऱ्हाइकांशी त्यांना इंग्रजीत बोलावे लागते. 'हॅव टू' म्हणजे करावे लागणे, पण त्याचा नकार म्हणजे मनाई नव्हे. 'यू डोन्ट हॅव टू पॉलिश देम' याचा अर्थ पॉलिश करण्याची गरज नाही, केले तरी हरकत नाही. चामड्याची चप्पल पाण्यात भिजवू नका, हे बजावायचे असेल, तर 'यू मस्ट नॉट सोक देम इन वॉटर' असेच सांगितले पाहिजे. उच्चारात 'हॅव टू' हे 'हॅफ टू' असे ऐकू येते.

दुसरा उपयोग दुसऱ्याकडून करवून घेण्याचा. इथे शब्दांचा क्रमच अर्थ ठरवतो: 'आय हॅड रिपेअर्ड द स्ट्रॅप' म्हणजे पट्टा मी आधीच दुरुस्त केला होता, तर 'आय हॅड द स्ट्रॅप रिपेअर्ड' म्हणजे तो मी कारागिराकडून दुरुस्त करून घेतला. वस्तू मध्ये आली की काम दुसऱ्याचे. गिऱ्हाइकाच्या मापाची जोडी दुकानात नसेल, तर 'सोमवारपर्यंत बनवून घेऊ' या आपल्या बोलण्याला 'वुई कॅन हॅव इट मेड बाय मंडे' हे वाक्य तंतोतंत लागू पडते.