पारावर फाशीविरुद्ध बोलायचं तर

सुरुवात खून झालेल्याच्या घरापासून करा. त्या मायचं दुःख आधी मानलं नाही, तर पुढचं कोणी ऐकत नाही. परदेशी आकडेवारी काढली की माणसं उठतात.

मग एकच खटला नीट सांगा. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये फाशी ठरवली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. इथं जरा थांबा. पोलीस आधी पारध्यांच्या बेड्यावरच, म्हणजे वस्तीवरच, का जातात, हे विदर्भात समजावावं लागत नाही.

"मग मोकळं सोडायचं काय?" हे कोणीतरी विचारेलच. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, हा गैरसमज तिथंच खोडा: ती आयुष्यभराची असते, १४ वर्षांनी आपोआप सुटका होत नाही.