लंडनची पहिली भेट: चार दिवस नीट कसे लावायचे

लंडनला चार दिवसांसाठी जायचं ठरलं की पाहण्याच्या जागांची यादी तयार होते आणि बघता बघता ती पंचवीस-तीसवर जाते. ती यादी बाजूला ठेवा आणि एक नियम धरा: एका दिवशी वेळ ठरलेलं, पैसे भरलेलं एकच तिकीट, तेही सकाळचं. बाकीचा दिवस त्याच भागात, पायी. मोठ्या ठिकाणी सुरक्षा तपासणी, रांग आणि आतला फेरफटका मिळून तीन तास सहज जातात. तिथून दुसऱ्या टोकाला पोचायला पाऊण तास लागतो. दुपारचं दुसरं तिकीट हातात असलं की पहिली जागा धावत बघावी लागते, नाहीतर दुसऱ्याचे पैसे बुडतात. शिवाय ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि नॅचरल हिस्ट्री म्युझियम या सगळ्यांत प्रवेश फुकट आहे. या शहराचं सर्वांत चांगलं ते बरंचसं बिनपैशाचं असताना दिवसाला तीन-तीन तिकिटं काढून स्वतःला बांधून घेण्यात काही अर्थ नाही.

व्हिसा

युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर लंडनला जाता येत नाही. ब्रिटनचा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा वेगळा काढावा लागतो. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर फेब्रुवारीतच अर्ज भरा, कारण त्या हंगामात बोटांचे ठसे द्यायची वेळ मिळायलाच उशीर होतो.

अर्ज बहुतेकदा बँकेच्या कागदांवर अडतो. अर्जाच्या तोंडावर नातेवाइकांकडून दोन-तीन लाख खात्यात वळते केले की ते स्टेटमेंटमध्ये उठून दिसतात. पैसा कुठून आला याचा कागद नसेल तर तो तुमचा मानला जात नाही. सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्र आणि रजा मंजुरीचं पत्र यांतले आकडे आणि तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. सातबारा, विवाह नोंदणीचा दाखला किंवा जन्मदाखला मराठीत असेल तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. नुसता मराठी कागद धरला जात नाही. नकार आला तर अपिलाची सोय नाही, नवी फी भरून नवा अर्ज करावा लागतो. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका.

कधी जायचं, बॅगेत काय न्यायचं

मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ पहिल्या भेटीला उत्तम. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचं फिरणं होतं. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं. 25 डिसेंबरला तर भुयारी रेल्वे आणि बस दोन्ही बंद असतात; त्या दिवशी चालत जाता येईल एवढंच लंडन तुमचं. उन्हाळ्यातही वाऱ्यापावसाचं जाकीट लागतं. छत्री पुलांवरच्या वाऱ्यात उलटी होते.

प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो. आपली गोल पिन बसत नाही, पण व्होल्टेज सारखंच असल्याने साधं अडॅप्टर पुरतं. खाण्याच्या बाबतीत नियम कडक आहे: भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवा, मग नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी. ताजे आंबे किंवा कढीपत्ता न्यायचा असेल तर नियम आधी तपासा. बाकरवडी, चिवडा, मेथीचे ठेपले, कोरड्या चटण्या खुशाल न्या.

राहायचं कुठे

भाड्यासाठी लंडनचे मध्यापासून बाहेर झोन पाडलेले आहेत; पहिल्या भेटीत झोन 1 किंवा 2 सोडू नका. पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस, अर्ल्स कोर्ट, बेजवॉटर हे भाग सोयीचे पडतात. वेम्ब्ली किंवा हाउन्स्लोमध्ये खोली स्वस्त मिळते, पण रोजचे जाऊन-येऊन दीड-दोन तास जातात, म्हणजे चार दिवसांत मिळून जागेपणीचा जवळजवळ अर्धा दिवस गाडीत. स्वस्त हॉटेलं बरीचशी जुन्या घरांत आहेत: खोली जेमतेम पलंगाएवढी, जिना अरुंद आणि लिफ्ट बहुधा नाही. आई-वडील सोबत असतील तर ‘लिफ्ट आहे का’ आणि ‘खोली कितव्या मजल्यावर’ हे बुकिंगआधी लेखी विचारून घ्या.

कार्ड, गेट आणि भाडं

इथे थोडा वेळ द्या, कारण पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

लंडनच्या रेल्वेला कागदी तिकीट काढायची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना पिवळ्या गोल यंत्राला टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. दिवसभराच्या फेऱ्यांची बेरीज होते आणि ठरावीक मर्यादेपुढे त्या दिवसाचं भाडं वाढत नाही. आता यातल्या खाचा.

भारतीय कार्डावर परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे मुळात बंद असतात. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये दोन्ही बटणं वेगवेगळी चालू करा. एकच चालू केलं तर गेट उघडत नाही. रुपे कार्ड या गेटांवर चालत नाही. दर माणशी वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच कार्डाशी जोडलेला फोन टेकवला तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी ठरतात आणि दोघांनाही अपुऱ्या प्रवासाचं कमाल भाडं लागतं. एकदा जे वापरलं तेच चारही दिवस वापरा. बाहेर पडताना गेट उघडंच दिसलं तरी कार्ड टेकवायला विसरू नका.

11 वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत भुयारी रेल्वेत फुकट जातात. 11 ते 15 वयाच्या मुलांसाठी स्टेशनवर ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवास कार्ड) घेऊन त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत कर्मचाऱ्याकडून चढवून घ्या. भाडं निम्मं होतं, आणि हे बहुतेक पर्यटकांना माहीतच नसतं.

बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. रोख पैसे बस घेत नाही. पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी एकच भाडं लागतं. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर साधी बसही पर्यटकांच्या महागड्या बसइतकंच शहर दाखवते.

हीथ्रोवरून शहरात यायला तीन गाड्या आहेत. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला सोडते, पण सर्वांत महाग. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त, मध्य लंडनपर्यंत सुमारे तासभर. एलिझाबेथ लाइन या दोन्हींच्या मधली: अर्ध्या तासाच्या आसपास, डबे मोठे, वातानुकूलित, बॅगांना जागा. तुमचं हॉटेल पिकॅडिलीच्याच वाटेवर नसेल तर एलिझाबेथ लाइन घ्या.

शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद असतात. सकाळी निघण्याआधी लंडनच्या वाहतूक यंत्रणेचं अॅप बघायची सवय लावा.

चार दिवस

भारतातून गेल्यावर शरीराचं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतं. पहाटे चार-पाचला जाग येते आणि संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतात. याच्याशी भांडू नका. पहिल्या दोन रात्री नाटकाची तिकिटं काढू नका, आणि पहाटेचा वेळ वापरा.

पहिल्या दिवशी सात-साडेसातला वेस्टमिन्स्टर पुलावर पोचा. पार्लमेंट आणि बिग बेनचा मनोरा या वेळी गर्दीशिवाय दिसतो. साडेनऊला वेस्टमिन्स्टर अॅबी, हे आजचं एकमेव तिकीट. रविवारी अॅबी पर्यटकांना बंद असते, फक्त प्रार्थना चालतात. मग सेंट जेम्स पार्कमधून चालत ट्रफाल्गर स्क्वेअर आणि नॅशनल गॅलरी. बकिंगहॅम राजवाड्यापुढचा पहारा-बदल बघायचा तर तासभर आधी कुंपणाला जागा धरावी लागते. मागे राहिलात तर नुसती डोकी दिसतात. त्यापेक्षा हॉर्स गार्ड्स या जवळच्या चौकात घोडेस्वारांचा बदल बघा, रोज सकाळी 11 वाजता, रविवारी 10 वाजता. जागा मोकळी आणि घोडे अगदी जवळून दिसतात. सकाळी अॅबीमुळे हे चुकलं तर दुसरी कुठली सकाळ त्यासाठी ठेवा.

दुसरा दिवस टॉवर ऑफ लंडनचा. उघडतानाच पोचा आणि बाकी सगळं सोडून थेट राजघराण्याचे मुकुट ठेवलेल्या ज्वेल हाउसकडे जा, कारण अकरानंतर तिथली रांग लांबत जाते. कोहिनूर तिथे राजमाता एलिझाबेथ (राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या आई) यांच्या मुकुटात आहे. मुकुटांपुढे सरकता पट्टा असतो, त्यावर उभं राहिलं की काही सेकंदांत हिरा मागे जातो. पट्टा संपल्यावर मागे येऊन पुन्हा उभं राहता येतं. गडद निळ्या-लाल गणवेशातल्या रक्षकांची फेरी तिकिटातच येते, ती ऐका. बाहेर पडून 1894 चा टॉवर ब्रिज चालत ओलांडा आणि नदीच्या दक्षिण काठाने पश्चिमेकडे निघा: बरो मार्केटमध्ये जेवण (सोमवारी बंद), टेट मॉडर्न, पादचारी मिलेनियम ब्रिज आणि पलीकडे सेंट पॉल्स कॅथेड्रल. तिथे आत जायला तिकीट लागतं, पण संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला बसायला लागत नाही. त्या घुमटाखाली वृंदगान ऐकणं तिकिटाच्या फेरीपेक्षा कितीतरी पटीने मोलाचं आहे. फोटो काढता येत नाहीत आणि मध्येच उठू नये.

तिसरा दिवस शक्यतो शुक्रवार येईल असा बेत करा. ब्रिटिश म्युझियम त्या दिवशी रात्री साडेआठपर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडं असतं. ब्रिटिश म्युझियमचा फुकट प्रवेशही आधी वेळ घेऊन ठेवा. दालन 4 मध्ये प्राचीन इजिप्तची लिपी जिच्यामुळे उलगडली ती रोझेटा शिला, आणि दालन 33अ मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे संगमरवरासारखे दिसणारे चुनखडीचे शिल्पपट, ज्यांपुढे गर्दी कधीच नसते. दुपारी उत्तरेला वीस मिनिटं चालत यूस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर जा. भेळपुरी, डोसा, शाकाहारी थाळी यांची जुनी गल्ली. संध्याकाळी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपूचा लाकडी वाघ बघा, पण तो प्रदर्शनात आहे ना हे आधी तपासा. तिथली वाघनखं मात्र शोधत बसू नका. ती 2024 मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आहेत.

चौथ्या दिवशी तिकीट नकोच. मराठी माणसाने लंडनमध्ये करावी अशी एक पायवाट आहे. वॉरिक अव्हेन्यू स्टेशनवर उतरून 10, हाउली प्लेस या घरापाशी जा. 1918-19 मध्ये लोकमान्य टिळक इथे राहिले, भिंतीवर तशी गोल पाटी आहे. घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघायचं. दोन मिनिटांवर लिटल व्हेनिस, तिथून रीजंट्स कालव्याच्या काठाने पूर्वेला चालत राहा. थोड्या अंतरावर कालवा बोगद्यात शिरतो आणि काठची वाट तुटते. वरच्या रस्त्याने सरळ जाऊन पलीकडे पुन्हा पाण्याशी उतरायचं. पुढे लोक राहतात त्या होड्यांची रांग, मग प्राणिसंग्रहालयाच्या मधून जाणारा कालवा. तिथे वर चढून प्रिमरोझ हिल गाठा. 63 मीटरच्या त्या टेकडीवरून सगळं लंडन दिसतं. टेकडीच्या पलीकडे 10, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासा. सगळी वाट सावकाश तीन तासांची, आणि शेवटी चॉक फार्म स्टेशन जवळ आहे.

सांभाळायच्या गोष्टी

फोन हिसकावण्याचे प्रकार मध्य लंडनमध्ये खरोखर होतात. सायकल किंवा मोपेडवरून मागून येऊन हातातला फोन ओढतात. नकाशा बघायचा तर फुटपाथच्या कडेला उभं राहू नका; दुकानाच्या दारात किंवा भिंतीला पाठ लावून बघा.

हॉटेलात ‘टॅप वॉटर’ मागा, ते फुकट आणि पिण्याजोगं असतं. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच धरलं असेल तर वेगळी टीप देऊ नका. खरेदीवरचा व्हॅट परत मिळायची सोय 2021 पासून बंद झाली आहे, त्यामुळे त्या हिशेबाने महागडी खरेदी करू नका. मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात.

परतीच्या दिवशी तिकिटावरचं टर्मिनल बघूनच गाडीत बसा. हीथ्रोच्या सगळ्या गाड्या सगळ्या टर्मिनलांना जात नाहीत. डब्यावरच्या पाटीवर टर्मिनल 4 की 5 हे लिहिलेलं असतं. चुकीच्या गाडीत बसलात तर टर्मिनल 2-3 च्या स्टेशनवर उतरून बदला. विमानतळाच्या आतल्या आत टर्मिनलांमधला प्रवास फुकट आहे, पण वीस मिनिटं हाताशी ठेवा.