बीएमएक्सचा गिअर: आधी आकडेमोड, मग खरेदी

बीएमएक्ससारख्या (कसरतींच्या लहान चाकांच्या) एकच गिअर असलेल्या सायकलला चेनची दातेरी चकती बदलली की कधी पायडल जड पडतं, कधी पाय नुसतेच गरगर फिरतात. विकत घेण्याआधी एवढं करा:

१. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचे इंच. उत्तर जितकं मोठं, तितकं पायडल जड. २० इंची बीएमएक्सवर २५-९ म्हणजे साधारण ५५.६. जुन्या ४४-१६ चं उत्तर ५५. म्हणजे चालवायला जवळपास तेच, फक्त चकती लहान आणि कठड्यावर कमी आपटणारी.

२. २६ इंची डर्ट जंपला (मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या सायकलला) तेच २५-९ लावलंत तर उत्तर ७२ वर जातं, उडीआधी वेगच धरत नाही. तिथे ३२-१५ किंवा २८-१३ पाहा, पुन्हा ५५-५६.

३. थोडाच फरक हवा असेल तर पुढची चकती बदला. पुढे एक दात वाढवला तर २५-९ चं ५७.८ होतं, मागे एक वाढवला तर थेट ५०. शिवाय नऊ दात्यांचा ड्रायव्हर (मागची दातेरी चकती) सुटा नसतो, हबच्या म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या आतच बसतो, त्यामुळे तो बदलणं खर्चाचं.

दाते बदलले की चाक मागेपुढे सरकवून चेन पुन्हा ताणा. मधोमध बोटाने दाबल्यावर सेंटीमीटरभर हलली पाहिजे. मात्र चाक फ्रेमच्या मागच्या खाचेच्या अगदी टोकाला येत असेल तर तसंच चालवू नका, चेनची लांबी बदला.