तैलरंगात धुक्यातला डोंगर रंगवताना या चुका टाळा

पाऊस ओसरल्यावर सकाळी सिंहगडावरून राजगड-तोरण्याकडे बघा. रांगेमागे रांग, आणि मागची प्रत्येक रांग पुढचीपेक्षा फिकट. कॅनव्हासवर मात्र सगळ्या रांगा सारख्याच गडद उतरतात आणि शेवटी वरून पांढरा फासून ‘धुकं’ केलं जातं. तो चुना दिसतो, धुकं नाही. मधल्या हवेत आणि बाष्पात प्रकाश विखुरतो, म्हणून लांबच्या डोंगरातले गडद भाग आधी उजळतात. सर्वांत मागच्या रांगेचा रंग क्षितिजाजवळच्या आकाशासाठी कालवलेल्या रंगातूनच काढा. त्यात अगदी थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि नखभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी). डोळे किलकिले केल्यावर रांग आणि आकाश जेमतेम वेगळे दिसले पाहिजेत. पुढच्या रांगेसाठी त्याच मिश्रणात थोडी भर. मागून पुढे या, उलट नको.

दुसरी चूक लगेच दिसत नाही, म्हणून जास्त घातक. वादळी आकाशाचं एक चित्र घ्या: खाली आयव्हरी ब्लॅक, भरपूर जवसाच्या तेलात कालवलेला. चौथ्या दिवशी बोटाला रंग लागला नाही, म्हणून त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेलं धुकं. भिंतीवर गेलं तेव्हा चित्र देखणं होतं. वर्षभरात बरोबर धुक्याच्या पट्ट्यात भेगा पडल्या, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या. वरचा थर वाळून कडक झाला होता आणि खालचा अजून हलत होता. अशा भेगा बुजवता येत नाहीत.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थरात तेल जितकं जास्त, तितका तो हळू वाळतो, म्हणजे खाली तेल कमी आणि वर जास्त हवं. म्हणून पहिला थर रंग आणि जरासं टर्पेंटाइन, तेल नाही. दुसऱ्याला एक भाग तेल, दोन भाग टर्पेंटाइन. त्यावरच्या ग्लेझला, म्हणजे पातळ पारदर्शक थराला, दोन्ही समसमान. पहिल्या थराला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घ्या, तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन क्रिमसन (गडद लाल) रेंगाळतात, त्यांना वर ठेवा. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे सगळं आणखी लांबतं. हेअर ड्रायरने फक्त वरची साय धरते. ज्याला शनिवारी सुरू करून रविवारी चित्र टांगायचंय, त्याने ॲक्रिलिक घ्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नको, ते सुटतं.

रोमँटिक शैली, म्हणजे निसर्गाची भव्यता दाखवणारी जुनी युरोपीय चित्रशैली, म्हटली की हिमशिखरंच, हा समज सोडा. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिशच्या १८१८च्या सुमाराच्या, धुक्याकडे पाहत उभ्या असलेल्या भटक्याच्या चित्रातले खडक एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या डोंगरांतले आहेत. तिथे रेखाटनं करून त्याने चित्र स्टुडिओत रचलं. आपल्याकडे बेसॉल्टचे आडवे थर आहेत. कड्याच्या पायऱ्या आणि सपाट माथे नीट आले, तर सह्याद्री ओळखू येतो. टोकदार सुळका काढला, तर कॅलेंडरवरचं स्वित्झर्लंड होतं.

सावलीत नुसता काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा. माणूस काढायचाच तर लहान काढा, नाहीतर डोंगर टेकडी होतो. झिंक व्हाइट जाड लावू नका, तडकतो. व्हार्निश सहा महिन्यांनंतर, रंग जाड असेल तर वर्षाने.

आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवा, पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात टाका.