रोटरी इंजिनच्या विमानाला ऑइल कूलर कसा निवडायचा

अमेरिकेत घरी विमान बांधणारे काही लोक आरव्ही नाहीतर कोझी टाइपच्या विमानात माझदाचं १३बी बसवतात, म्हणजे आरएक्स-७ गाडीतलं दोन रोटरचं व्हँकेल इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. आपल्याकडेही निशांत या ड्रोनसाठी ५५ हॉर्सपॉवरचं व्हँकेल बनलं होतं, बेंगळुरूच्या संस्थांबरोबर आपल्या अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) व्हीआरडीई ही लष्करी वाहनांची संशोधन संस्था त्यात होती, २००९ मध्ये ते उडालंही. (पहिल्या महायुद्धातली ती अख्खे सिलिंडर फिरणारी इंजिनं वेगळी हं, त्यांनाही रोटरीच म्हणतात, त्यातलं एरंडेल वापरून बाहेरच पडायचं.) पुढचं सगळं १३बी धरून सांगतोय.

आधी हे पक्कं डोक्यात बसवा की या इंजिनात ऑइल नुसतं वंगण नाहीये. रोटर आतून पोकळ असतो, शाफ्टमधल्या जेटमधून त्याच्या पोटात ऑइलचा फवारा मारला जातो आणि रोटर गार होतो तो त्यानेच, पाणी तिथवर पोचतच नाही. म्हणून हिशोब असा धरतात की पाणी आणि ऑइल मिळून जेवढी उष्णता बाहेर काढतात त्यातले दोन भाग पाण्याकडे, एक भाग ऑइलकडे. १६० हॉर्सपॉवरला ऑइलच्या वाट्याला साधारण २८ किलोवॅट येतात, त्यामुळे तेवढ्याच ताकदीच्या लायकमिंगचा (छोट्या विमानातलं नेहमीचं पिस्टन इंजिन) कूलर बघून "हा चालेल" असं म्हणू नका, तो कमी पडतो.

मग हवा किती लागेल ते काढा. कूलरमधून जाताना हवा ३० डिग्रीने तापते असं धरलं तर सेकंदाला पाऊण घनमीटरच्या आसपास हवा हवी. आता खरी मेख. हा हिशोब क्रूझवर (एका उंचीवर सरळ उडताना) करू नका, क्लाइंबवर (वर चढताना) करा. ८० नॉटला समोरून येणाऱ्या हवेचा दाब जेमतेम १०५ मिलिमीटर पाण्याएवढा असतो, १६० नॉटला त्याच्या चौपट, आणि क्लाइंबमध्ये थ्रॉटल तर पूर्ण उघडा, म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त आणि हवा सगळ्यात कमी. जो कूलर एप्रिल-मेच्या उन्हात क्लाइंब काढेल तो क्रूझला आपोआप पुरतो, उलटं होत नाही.

टेंपरेचर किती ठेवायचं? इंजिनात शिरणारं ऑइल ८० ते ९५ सेल्सिअस. कायम १०० च्या वर राहिलं तर रोटरवरच्या ऑइल रिंगखालचे रबरी ओ-रिंग कडक होतात, मग ऑइल जळायला लागतं.

कोर, म्हणजे कूलरचा जाळीचा मुख्य भाग, निवडताना लोक फक्त साइज बघतात, पण ऑइलच्या बाजूचा अडथळा तितकाच महत्त्वाचा आहे. १३बी मध्ये पंपातून निघालेलं ऑइल आधी कूलरला जातं आणि मग फिल्टर, बेअरिंगकडे, म्हणजे कूलरने जो दाब खाल्ला तो बेअरिंगच्या वाट्याचा. आरएक्स-७ चा ओरिजिनल कूलर यात छान आहे, आत मोकळा आणि थर्मोस्टॅट अंगचाच, फक्त लांबुळका असल्यामुळे काउलमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) बसवताना जीव जातो. रेसिंगवाले प्लेट कूलरही चालतात. दोन छोटे लावणार असाल तर पॅरलल जोडले की ऑइलचा दाब कमी खाल्ला जातो, पण दोघांना हवा सारखी मिळायला हवी, नाहीतर ज्यात ऑइल थंड आणि घट्ट झालं तो जवळपास बंद पडतो आणि सगळं दुसऱ्यातून वाहतं. होज डॅश १० (होजचा एक साइज) चा घ्या, आणि होज आणि फिटिंगवर पैसे वाचवू नका प्लीज, ती लाइन फुटली की ऑइल भराभर बाहेर आणि इंजिन गेलं, तेही हवेत.

डक्टला, म्हणजे कूलरपर्यंत हवा आणणाऱ्या वाटेला, मात्र वेळ द्या, कारण चांगला कोर खराब डक्टमागे वाया जातो. तोंड कोरच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश, तिथून हळूहळू रुंद होत जाणारं, कडा सगळ्या सील केलेल्या, आणि बाहेर पडायची वाट तोंडापेक्षा मोठी कारण तापलेली हवा जागा जास्त घेते.

शेवटी मोजा. कोरच्या पुढे आणि मागे एकेक बारीक नळी लावून पाण्याची यू-ट्यूब जोडा आणि क्लाइंबमध्ये फरक बघा. फरक अगदीच थोडा आणि ऑइल गरम, तर दोष डक्टचा किंवा एक्झिटचा. फरक भरपूर आहे तरी ऑइल गरम, तर आधी थर्मोस्टॅट पूर्ण उघडतोय का ते तपासा, आणि तो ठीक असेल तर कोर लहान आहे, मोठा घ्या.