यकृताच्या कर्करोगातील जनुकनियमन कसे अभ्यासावे

यकृताच्या कर्करोगावरील शोधनिबंध प्रथमच हाती घेणाऱ्या कोल्हापुरातील एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी जनुकांची लांबलचक यादी पाठ करू नये. प्रत्येक जनुकापुढे एकच प्रश्न लिहावा: हे जनुक निरोगी यकृतपेशीत चालू असते की बंद, आणि गाठीत त्याची स्थिती कशामुळे बदलली?

सुरुवात अल्फा-फीटोप्रोटीन (एएफपी) या प्रथिनापासून करावी. त्याचे जनुक गर्भाच्या यकृतात जोमाने चालते, जन्मानंतर जवळजवळ बंद पडते आणि अनेक रुग्णांच्या गाठीत पुन्हा चालू होते. रक्तातील एएफपीची तपासणी याच आधारावर उभी आहे.

त्यानंतर टेलोमेरेज या विकराचा मुख्य घटक घडवणारे टर्ट हे जनुक घ्यावे. प्रौढ यकृतपेशीत ते सहसा बंद असते. परंतु त्याच्या प्रोमोटरमधील (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागातील) एका ठरावीक जागी सी या डीएनए-अक्षराऐवजी टी आला, की जनुके चालू करणाऱ्या ईटीएस कुटुंबातील प्रथिनांना तेथे बसता येते, गुणसूत्रांची टोके राखणारे टेलोमेरेज तयार होऊ लागते आणि पेशीच्या विभाजनांवरील मर्यादा सैल होते. हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए टर्टजवळ घुसला तरीही असेच घडू शकते.

सर्वाधिक वेळ मात्र बीटा-कॅटेनिन या इतर जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला द्यावा, कारण नवखा वाचक हमखास चुकतो तो येथेच. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण पावसाळ्यात पाहतो: पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. निरोगी पेशीतही बीटा-कॅटेनिन वाढले की त्याच्याच प्रभावाने अ‍ॅक्सिन-२ चे जनुक अधिक चालते आणि ते प्रथिन बीटा-कॅटेनिनच्या विघटनास हातभार लावते. बीटा-कॅटेनिन घडवणाऱ्या सीटीएनएनबी-१ जनुकातील उत्परिवर्तनामुळे बीटा-कॅटेनिनवरील विघटनाची खूणच नाहीशी झाली, तर अ‍ॅक्सिन-२ कितीही वाढले तरी उपयोग होत नाही; सातही दरवाजे उघडे असूनही पाणी चढतच राहावे, तशी ही अवस्था असते. म्हणून शोधनिबंधातील जनुकांच्या तक्त्यात अ‍ॅक्सिन-२ वाढलेले दिसले, तर "वाढ रोखणारे जनुक सक्रिय आहे" असा निष्कर्ष काढू नये.

हे स्वतः पडताळण्यासाठी टीसीजीए (द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस) या कर्करोगांच्या जनुकीय माहितीच्या प्रकल्पातील यकृतकर्करोगाचे नमुने सीबायोपोर्टल या विनामूल्य संकेतस्थळावर उघडावेत, सीटीएनएनबी-१ बदललेले आणि न बदललेले असे दोन गट करावेत, आणि दोन्हींतील अ‍ॅक्सिन-२ ची पातळी शेजारी मांडावी. सोबत ग्लुटामिन सिंथेटेज या विकराचे जनुकही अवश्य तपासावे. बीटा-कॅटेनिन अनिर्बंध झालेल्या गाठींत तेही बहुधा वाढलेले आढळते.