बंदर चुकलं, इंजिन बंद पडलं: क्रूझवर या चुका टाळा

क्रूझचं तिकीट काढताना आपण नकाशा बघून खूश होतो. सोमवारी सँटोरिनी, मंगळवारी कुशादासी, बुधवारी दिवसभर समुद्र. हा नकाशा म्हणजे कंपनीचा बेत असतो, हमी नव्हे. जवळपास प्रत्येक कंपनीच्या करारात एक कलम असतंच: जहाज एखादं बंदर वगळू शकतं, क्रम बदलू शकतं, भलत्याच धक्क्याला लागू शकतं आणि त्याबद्दल भरपाई मिळेलच असं नाही. म्हणून गडबड झाली की पैशांच्या आधी कारण विचारायचं. वादळ, धुकं, संप, युद्ध अशा खात्यात बदल गेला तर हाती फारसं लागत नाही. जहाजाच्या यंत्रात बिघाड असेल तर बोलायला जागा असते.

कारण लेखी न घेणं

लाऊडस्पीकरवर सांगतात, ‘तांत्रिक कारणामुळे उद्याचं बंदर रद्द.’ लोक चिडतात, गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरपुढे तासभर रांग लावतात, तावातावाने बोलतात आणि काहीच हातात न घेता परततात. घरी आल्यावर विमा कंपनी पुरावा मागते, तेव्हा ‘स्पीकरवर सांगितलं होतं’ एवढंच उरतं.

घोषणा झाली की वेळ टिपून ठेवा. केबिनच्या दाराखालून आलेल्या पत्राचा फोटो आणि ॲपवरच्या सूचनेचा स्क्रीनशॉट काढा. केबिनच्या टीव्हीवर जहाजाचा वेग आणि जागा दाखवणारं चॅनेल असेल तर त्याचाही फोटो घ्या. हे चॅनेल बरंच काही सांगून जातं. समजा पुढचं बंदर ३०० सागरी मैलांवर आहे. २० नॉट वेगाने, म्हणजे ताशी २० सागरी मैलांनी, तिथे १५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ५ ला निघालेलं जहाज सकाळी ८ ला पोचतं. जहाज ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या (पाण्याखालच्या पंख्यांच्या) दोन पॉडपैकी एक बिघडून वेग १५ नॉटवर आला की तेच अंतर २० तासांचं होतं. पोचायला दुपारचा १ वाजतो आणि संध्याकाळी परत निघायचं असतं. मग कंपनी ते बंदरच वगळते. समुद्र शांत, आकाश निरभ्र आणि वेग सलग दोन दिवस १५ नॉट, असं असताना ‘हवामान’ हे कारण ऐकू आलं तर लेखी खुलासा मागायलाच हवा.

काउंटरवर तीनच गोष्टी विचारा. कारण लेखी मिळेल का? वगळलेल्या बंदराचे कर आणि शुल्क कार्डावर परत येणार की ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावरच खर्च करायची रक्कम) म्हणून? ते क्रेडिट खर्च झालं नाही तर रोख मिळेल की शेवटच्या रात्री बुडेल? बुडणारं असेल तर आधी तेच संपवा.

यांत्रिक बिघाडाचा फरक कुठून आला, तेही माहीत असलेलं बरं. १० फेब्रुवारी २०१३ ला मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनरूममध्ये इंधनाच्या नळीतून गळती होऊन आग लागली. आग विझली, पण वीज आणि इंजिन गेलं. चार हजारांवर माणसं असलेलं जहाज ओढून मोबिल बंदरात आणेपर्यंत १४ तारीख उजाडली. त्याच वर्षी मे महिन्यात क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे परत, अर्ध्यात संपली तर काही भाग परत, ठरलेल्या बंदरापर्यंत किंवा तुमच्या गावापर्यंत पोचवणं, आणि अनपेक्षित बंदरात रात्र काढावी लागली तर निवास, हे त्यात आहे. मात्र ही सनद उत्तर अमेरिकेत तिकीट घेतलेल्यांसाठी आहे. न्यू जर्सीतल्या मुलाने तिथून बुकिंग केलं तर ती दाखवता येईल. पुण्यातल्या एजंटकडून घेतलेल्या तिकिटाला पुण्यात सही केलेल्या अटी लागतात.

युरोपीय संघातल्या बंदरातून निघणाऱ्या क्रूझला २०१० चा युरोपीय नियम क्रमांक ११७७ लागू होतो. निघायला ९० मिनिटांहून जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं, रात्र काढावी लागली तर निवास; किनाऱ्यावरच्या निवासाची मर्यादा रात्रीला ८० युरो, जास्तीत जास्त तीन रात्री. कारण खराब हवामान असेल तर निवासाची जबाबदारी कंपनीवर नाही. फेरीबोटीच्या प्रवाशाला उशिराबद्दल तिकिटाचा जो हिस्सा परत मिळतो, तोही क्रूझवाल्याला मिळत नाही.

विमान आणि जहाज एकाच दिवशी

मुंबईहून सकाळच्या विमानाने बार्सिलोना आणि संध्याकाळी जहाज, हा बेत कागदावरच सुंदर दिसतो. विमान चार तास लेट झालं की जहाज थांबत नाही. विमानाचं तिकीट क्रूझ कंपनीमार्फत घेतलं असेल तर पुढच्या बंदरात गाठून देण्याची जबाबदारी बहुधा ती घेते. स्वतः घेतलं असेल तर सगळा खर्च तुमचा. एक दिवस आधी पोचा. हॉटेलच्या एका रात्रीचं भाडं चुकलेल्या जहाजापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

परतीला लोक जास्त चुकतात. जहाज सकाळी ७ ला लागणार म्हणून १० चं विमान घेऊन ठेवतात. धुक्यामुळे बंदर बंद असेल तर जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहतं. कधी बंदरच बदलतं. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला, तेव्हा समुद्रात असलेली क्रूझ जहाजं नॉरफोकला वळवली गेली आणि प्रवाशांना तिथून बसने बाल्टिमोरला आणलं. अशा वेळी दुपारी २ चं विमानही हुकू शकतं. रात्रीचं किंवा दुसऱ्या दिवशीचं घ्या. मुंबईहून निघणाऱ्यांनी बॅलार्ड पिअरला पोचताना दक्षिण मुंबईची वाहतूक धरून चालावं. जहाज सुटायची वेळ आणि चेक-इन बंद व्हायची वेळ वेगळी असते, तीही तिकिटावर बघून घ्या.

किनाऱ्यावर मोबाइलच्या घड्याळावर विसंबणं

फोन जवळच्या टॉवरची वेळ पकडतो. जहाज मात्र बऱ्याचदा आपलीच वेळ चालवतं, त्यामुळे दोन्हींत तासाभराचा फरक पडू शकतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि गँगवेवरच्या (जहाजातून उतरायच्या वाटेवरच्या) फलकाशी ताडून मगच उतरा. ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ, ही जहाज सुटायची वेळ नाही, ती सहसा त्याच्या अर्धा तास आधीची असते. टेंडर बोटीने (जहाज आणि किनारा यांच्यात फिरणाऱ्या छोट्या बोटीने) ये-जा असेल तर शेवटची बोट त्याहून आधी. स्वतः टॅक्सी करून फिरत असाल तर दोन तास राखून परता. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही.

मार्च २०२४ मध्ये साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’चे आठ प्रवासी खासगी सहलीहून उशिरा आले. जहाज अजून नांगरावर समोर दिसत होतं, तरी त्यांना घेतलं नाही. ते धडपडत पुढच्या बंदराला, गांबियातल्या बांजुलला गेले, तर समुद्राच्या स्थितीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलमध्ये डाकारला गाठ पडली. म्हणून जहाज चुकलं तर पोर्ट एजंटला (कंपनीच्या त्या बंदरातल्या प्रतिनिधीला) पुढच्या बंदराबरोबर त्याच्या पुढचं बंदरही विचारा, आणि दोन्हींतलं जिथे विमानसेवा आणि तुमचा व्हिसा दोन्ही जमतात ते धरा. एजंटचं नाव आणि नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत राहिला असेल तर जहाजावरचे लोक तो काढून एजंटकडे ठेवून जातात अशी पद्धत आहे, पण त्या भरवशावर राहू नका. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत, एक कार्ड, थोडे डॉलर आणि दोन दिवसांची औषधं खांद्यावरच्या पिशवीत हवीतच.

टेंडरच्या बंदरावर महागडी सहल

जिथे जहाज धक्क्याला लागत नाही तिथे छोट्या बोटींतून उतरावं लागतं: सँटोरिनी, आपल्याकडे लक्षद्वीपचं अगत्ती. लाटा थोड्या वाढल्या की बोट आणि जहाजाची पायरी वर-खाली होते आणि कॅप्टन उतरणं रद्द करतो. अशी बंदरं सगळ्यात आधी वगळली जातात. तिथली परत न मिळणारी खासगी सहल आगाऊ घेऊ नका. घ्यायचीच तर ‘जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा’ हे वाक्य पावतीवर असलेली घ्या. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे अशा वेळी आपोआप खात्यात येतात.

व्हिसा फक्त छापील मार्गापुरता

अथेन्सहून निघून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीक बेटांवर येणारी सफर म्हणजे शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडून पुन्हा आत येणं. सिंगल एंट्री व्हिसावर ते जमत नाही. सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या जहाजांचं तसंच. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागतात. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ असं म्हणून मुलांकडे आलेले आई-बाबा कॅनडाचा व्हिसा काढत नाहीत आणि सिएटलच्या चेक-इनवरच अडतात. याच कायद्यामुळे कंटाळून मध्येच दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरून घरी जाणंही महागात पडू शकतं. कंपनीला दंड झाला तर ती तो प्रवाशाकडून वसूल करते. काहीही करण्याआधी गेस्ट सर्व्हिसेसकडून परवानगी घ्या.

ड्रिल म्हणजे कार्ड स्कॅन करून मोकळं होणं

१३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्कियाला चढलेल्या प्रवाशांची ड्रिल, म्हणजे आणीबाणीत काय करायचं याचा सराव, झालीच नव्हती, कारण तेव्हा २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ बघायचा, ठरलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करायचं, संपलं. लोक बारमधून लिफ्टने जाऊन स्कॅन करून येतात.

केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत (आणीबाणीत जमायच्या जागेपर्यंत) एकदा जिन्याने चालत जा. लिफ्ट त्या वेळी वापरायची नसते. केबिनच्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजून ठेवा. धुरात हाताने चाचपडत तीच मोजायची. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा सर्वसाधारण धोक्याचा इशारा. तो झाला की बंद बूट, उबदार कपडा, औषधं, चष्मा. ट्रॉली बॅग नाही. लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहे की स्टेशनवर मिळणार, ते पहिल्याच दिवशी बघा. लहान मुलांचं वेगळं मागून घ्यावं लागतं.

२३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या हुस्टाडविका भागात ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिनं खवळलेल्या समुद्रात बंद पडली. वंगणतेलाची पातळी कमी होती, जहाज हेलकावलं की तेलाचा दाब कमी व्हायचा आणि यंत्रं स्वतःहून थांबली. तेव्हा आत सरकणाऱ्या फर्निचरने लोक जखमी झाले. जहाज असं डोलत असेल तर मोठ्या काचा आणि सुटं सामान यांच्यापासून दूर, खालच्या डेकवर, मधल्या भागात बसा.

वीज गेल्यावर फ्लश दाबत राहणं

क्रूझवरचे संडास व्हॅक्यूमवर चालतात. पंप थांबला की फ्लश नाही. पुन्हापुन्हा दाबून उपयोग नाही, कर्मचारी सांगतील ती व्यवस्था पाळा. आणीबाणीचा जनरेटर दिवे, स्पीकर आणि आगीचे पंप चालवतो, एसी आणि स्वयंपाकघर नाही. १ जुलै २०१० नंतर बांधलेल्या मोठ्या जहाजांना बिघाडानंतरही बंदरापर्यंत जाण्याची सोय आणि सुरक्षित भागात पाणी, अन्न, संडास ठेवावेच लागतात. जुन्या जहाजांना हा नियम नाही, म्हणून बुक करताना जहाजाच्या बांधणीचं वर्ष बघणं वेळ वाया घालवणं नव्हे. वीज गेली की पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क बऱ्याच भारतीय रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. एका रात्रीत हजारोंचं बिल येतं.

बोट लागल्यावर गोळी घेणं

उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. ॲव्होमिनसारखी गोळी आदल्या रात्री घ्यावी; झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. पोट बिघडलं तर लपवू नका. नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरेसं नाही, साबण-पाणीच लागतं. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या रात्री बॅगा कर्मचाऱ्यांच्या ताब्यात असतात, तेव्हा औषधं हातातल्या पिशवीत.

विमा आहे, पण क्रूझचा नाही

परदेश प्रवासाची पॉलिसी मुंबई–गोवा सफरीला चालत नाही, तिथे देशांतर्गत हवी. परदेशाच्या पॉलिसीत ‘क्रूझ’ शब्द शोधा: चुकलेलं बंदर, अर्ध्यात संपलेली सफर, जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवणं. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल केबिनच्या खात्यात पडतं आणि उतरण्याआधी भरावं लागतं. तपासण्यांचे कागद आणि तपशीलवार पावती तिथेच मागा, नंतर ईमेलने मिळवताना नाकी नऊ येतात. वादळाला नाव पडल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी सहसा उपयोगाची नसते.

घाईत सही

सफर मोडली की कंपनी पुढच्या क्रूझवर सवलत किंवा क्रेडिट देऊ करते आणि एक फॉर्म पुढे करते. त्यात ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असा अर्थ असेल तर तिथे सही करू नका. फोटो काढा, घरी जाऊन वाचा. तिकीट भारतातल्या एजंटकडून घेतलं असेल तर आधी त्याला आणि कंपनीला लेखी तक्रार, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे जमलं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि मुदत दोन वर्षांची. करारातलं न्यायक्षेत्राचं कलम वकिलाला आधी दाखवा. विमा कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाचं दार वेगळं आहे आणि तिथे फी नाही.